जॉर्ज स्ट्रायसिंगर आणि त्यांचा सोनेरी मासा

थोर पुरुषांची चरित्रे वाचावयास घेतली म्हणजे बहुधा रणांगणे, राजसभा किंवा दूरदूरचे प्रवास आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आज आम्ही ज्या पुरुषाचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या मातापितरांपुढे ठेवीत आहो, त्याच्या चरित्रात यांपैकी काही नाही. त्याच्या कर्तृत्वाचे स्थान म्हणजे एका लहान शहरातील काचेच्या टाक्यांच्या रांगा. आणि त्या टाक्यांत पोहणारे, बोटाच्या दोन पेरांहून मोठे नसलेले मासे हेच त्याचे सोबती. तथापि या चिमुकल्या माशांच्या अंगावरील रंगाने मनुष्याच्या अंगावरील रंगाविषयी जी शिकवण पुढे दिली, ती आमच्या घराघरांत पोहोचणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून हा अल्प प्रयत्न.

प्रथम त्या माशाची ओळख करून देऊ. नाशिकमध्ये शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानासमोर आमचे पुष्कळ विद्यार्थी घटकाभर उभे राहत असतील. तेथे सुमारे दीड इंच लांबीचा, अंगावर निळसर काळे व पिवळट असे आडवे पट्टे असलेला, क्षणभरही स्वस्थ न बसणारा एक मासा त्यांनी पाहिला असेल. त्यास दुकानदार झेब्रा म्हणतात. नाव परदेशी असले तरी मासा आपल्याच देशाचा आहे. गंगा व ब्रह्मपुत्रा यांस मिळणारे ओढे, तळी आणि भाताची खाचरे हे त्याचे मूळ घर. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या एका स्कॉटिश वैद्याने १८२२ साली गंगेतील माशांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या माशाचे शास्त्रीय वर्णन प्रथम आले. त्याच्या शास्त्रीय नावातील डॅनिओ हा शब्दसुद्धा बंगाली भाषेतून, धान्याच्या शेतावरून आलेला आहे. पुढे हा मासा शोभेसाठी युरोप व अमेरिका खंडांत गेला आणि तेथील घरांतून काचेच्या पात्रांत नांदू लागला. तेथेच आमच्या चरित्रनायकाची व त्याची गाठ पडली.

जॉर्ज स्ट्रायसिंगर यांचा जन्म २७ डिसेंबर १९२७ रोजी हंगेरी देशाची राजधानी बुडापेस्ट येथे एका यहुदी कुटुंबात झाला. आपल्या कोकणात व मुंबईत बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शेजाऱ्यांत मिळूनमिसळून राहिले, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. युरोपातील यहुद्यांच्या नशिबी मात्र त्या काळी तसे सुख नव्हते. जर्मनीत नाझी पक्षाच्या हाती सत्ता आली होती. मनुष्याची योग्यता त्याच्या रक्तावरून व वंशावरून ठरते, काही वंश जन्मतःच श्रेष्ठ व काही जन्मतःच हीन होत, असा उपदेश तेथे शास्त्राच्या नावाने चालला होता. ते विष शेजारच्या देशांतही पसरू लागले. तेव्हा दुसरे महायुद्ध सुरू होण्यापूर्वीच स्ट्रायसिंगर कुटुंबाने मायभूमीचा निरोप घेतला आणि न्यूयॉर्क शहर गाठले. जॉर्ज त्या वेळी लहान शाळकरी मुलगा होता.

नवा देश आणि नवी भाषा. परंतु मुलाची जिज्ञासा जुनीच. साप, सरडे, बेडूक इत्यादी प्राण्यांचा त्यास फार नाद होता. ब्रॉन्क्स भागातील विज्ञानाच्या प्रसिद्ध हायस्कुलात तो शिकू लागला. त्याच शहरात थिओडोसियस डोब्झान्स्की हे आनुवंशिकशास्त्राचे मोठे पंडित होते. फळांवर घोंघावणाऱ्या बारीक माश्यांवर त्यांचे संशोधन चाले. त्या कामात हा मुलगा त्यांच्या हाताखाली रमला. आणि १९४४ साली त्या दोघांच्या नावांनी एक निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जॉर्जचे वय त्या वेळी अवघे सोळा वर्षांचे होते. आमच्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी या गोष्टीचा अवश्य विचार करावा.

परंतु त्याच १९४४ सालची दुसरी एक गोष्टही येथे सांगितली पाहिजे. त्या वर्षी जर्मन सैन्याने हंगेरी व्यापली, आणि मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या आरंभापर्यंत, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, त्या देशातील चार लाखांहून अधिक यहुद्यांस आगगाड्यांत कोंबून देशाबाहेर पाठविण्यात आले. त्यांपैकी बहुतेकांस ऑश्विट्झ येथील छावणीत नेले गेले व तेथे बहुतेकांचा प्राण घेण्यात आला. आईबापांनी वेळीच देश सोडला नसता तर या बुद्धिमान मुलाचे काय झाले असते, हे निराळे सांगावयास नको. माणसामाणसांत जन्मावरून भेद करण्याचे फळ अखेर कोठवर जाते, हे ज्याच्या घराने जवळून पाहिले, अशा मनुष्याचे हे चरित्र आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

महायुद्ध संपल्यावर स्ट्रायसिंगर यांनी कॉर्नेल विद्यापीठाची पदवी १९५० साली मिळविली, आणि पुढे इलिनॉय विद्यापीठात साल्वाडोर लुरिया यांच्या हाताखाली डॉक्टर ही पदवी संपादन केली. लुरिया हेही इटलीतून परागंदा झालेले यहुदी होते. त्यानंतर कॅलिफोर्नियात मॅक्स डेलब्रुक यांच्याजवळ त्यांनी काम केले. डेलब्रुक यांनीही नाझी अमलात आपली जर्मन मायभूमी सोडली होती. या दोन्ही गुरूंस पुढे १९६९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या मंडळींचा अभ्यासविषय होता जंतूंवर जगणारे विषाणू. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणाऱ्या या विषाणूंत आनुवंशिक गुण कसे साठविलेले असतात, हे ते शोधीत होते. त्या विषयात स्ट्रायसिंगर यांनी मोठे नाव मिळविले. एका विषाणूतील जनुकांचा नकाशा सरळ रेषेत नसून वर्तुळाकार मांडावा लागतो, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली दाखविले. जनुकांची लिपी तीन तीन अक्षरांच्या गटांनी वाचली जाते, एखादे अक्षर गळले किंवा अधिक आले म्हणजे पुढचे सारे वाचन बिघडते, या सिद्धांतास त्यांनी जपानमधील सहकाऱ्यांच्या साहाय्याने १९६६ साली बळकट पुरावा मिळवून दिला. १९६० सालीच ते अमेरिकेच्या पश्चिम टोकास, ओरेगन राज्यातील यूजीन या शहरी, तेथील विद्यापीठाच्या नव्या संस्थेत दाखल झाले होते. पत्नी लॉटी व दोन कन्या यांसह त्यांनी तेथेच कायमचे घर केले.

आता कोणीही म्हणेल की, अशा मनुष्याने हस्तगत झालेल्या विषयातच पुढे जावे, वर्षाला दोन-चार निबंध लिहावे आणि कीर्ती भोगावी. परंतु स्ट्रायसिंगर यांच्या मनास वेगळाच प्रश्न छळीत होता. विषाणूस ना डोळा, ना पाठीचा कणा, ना मज्जारज्जू. एका गोल अंड्यापासून डोळे, हृदय व मेंदू असलेला प्राणी कसा घडतो, आणि त्या घडणीत कोणते जनुक कोणते काम करते, हे त्यांस जाणून घ्यावयाचे होते. त्यासाठी त्यांस पाठीचा कणा असलेला, परंतु लहान, काटक, स्वस्त व भराभर वाढणारा असा प्राणी पाहिजे होता. त्यांस लहानपणापासून प्राणी पाळण्याचा छंद होताच. शोभेच्या माशांच्या दुकानातील हा पट्टेदार भारतीय मासा त्यांच्या नजरेत भरला.

या निवडीत किती शहाणपण होते ते पाहा. या माशाची मादी एका वेळी शंभर किंवा त्याहूनही अधिक अंडी घालते. अंडी मातेच्या उदराबाहेर, पाण्यात वाढतात. ती काचेसारखी स्वच्छ असल्यामुळे आतील गर्भ कसा आकार घेतो हे सूक्ष्मदर्शकाखाली घटकाघटकाने पाहता येते. एका दिवसात डोळे दिसू लागतात व हृदय धडधडू लागते. दोन-तीन दिवसांत पिलू अंड्याबाहेर येते. आणि तीन महिन्यांत तेच पिलू स्वतः अंडी घालण्यास योग्य होते.

१९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हे काम आरंभिले. त्यापूर्वी आनुवंशिकतेच्या अशा अभ्यासासाठी हा मासा कोणी हाती घेतला नव्हता. कोणता आहार द्यावा, रोग कसे आवरावे, येथपासून सारे शिकावे लागले. वर्षामागून वर्षे गेली. प्रसिद्ध करण्याजोगे फारसे हाती येईना. १९७५ साली राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांस सभासद करून घेतले, ते विषाणूंवरील कामाबद्दल. माशांचे काम अद्याप टाक्यांतच होते. अशा वेळी मनुष्याचे धैर्य खचते. ते खचू न देता हा पुरुष सुमारे बारा वर्षे आपल्या टाक्यांपाशी शांतपणे काम करीत राहिला.

अडचण कशात होती, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपणांत असतात. एक मातेकडून आलेली, एक पित्याकडून. एक प्रत बिघडली तरी दुसरी चांगली प्रत बहुधा काम भागविते, आणि बिघाड लपून राहतो. तो उघड व्हावा म्हणून दोन्ही प्रती सारख्याच बिघडलेल्या असाव्या लागतात, आणि त्यासाठी माशांच्या दोन-तीन पिढ्या जुळवीत बसावे लागते. स्ट्रायसिंगर यांनी यावर एक विलक्षण युक्ती योजिली. नराच्या बीजावर अतिनील किरण सोडून त्यातील आनुवंशिक द्रव्य त्यांनी निकामी केले. असे बीज अंड्यास जागे करते, परंतु पित्याचा वारसा देत नाही. अशा अंड्यातील गर्भास मातेकडील एकच प्रत मिळते व तो जगत नाही. म्हणून अंड्याची पहिली विभागणी होण्याच्या नेमक्या क्षणी त्यास काही वेळ उष्णता देऊन ती विभागणी थांबविली. त्यामुळे मातेकडील एकीच्या दोन प्रती झाल्या. असे पिलू जगते, आणि त्याच्या सर्व जनुकांच्या दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या असतात. त्याच्यापासून पुन्हा याच रीतीने निपजलेली पिले ही एकाच साच्यातून काढल्यासारखी असतात.

परंतु पित्याचा वारसा खरोखरच आला नाही, हे ओळखावयाचे कसे? येथे माशाच्या रंगाने साक्ष दिली. या जातीत काही मासे फिके असतात. पट्टे असतात, परंतु काळ्याऐवजी पिवळसर दिसतात. त्यांस सोनेरी हे नाव पडले. हा गुण लपणारा आहे; काळ्या पट्ट्याच्या जनुकाची एक प्रत आली तरी मासा काळ्याच पट्ट्यांचा होतो. म्हणून स्ट्रायसिंगर यांनी माता सोनेरी घेतली व पिता काळ्या पट्ट्यांचा. पित्याचा वारसा चुकून शिरला असता तर पिले काळी झाली असती. ती सोनेरी झाली, आणि प्रयोग सिद्ध झाला. शार्लीन वॉकर इत्यादी सहकाऱ्यांसह लिहिलेला हा निबंध १९८१ सालच्या मे महिन्यात नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि शास्त्रज्ञांचे लक्ष या माशाकडे वळले.

याच सोनेरी खुणेचा आणखी एक उपयोग त्यांनी केला. ज्या गर्भात काळ्याची एक व सोनेरीची एक अशा दोन प्रती आहेत, त्याच्या एखाद्या पेशीतील काळी प्रत नष्ट झाली, तर त्या पेशीपासून पुढे जन्मणाऱ्या सर्व पेशी फिक्या होतात. डोळ्याच्या आतील पडद्यामागे रंगद्रव्य असलेल्या पेशींचा जो थर असतो, त्यात असे फिके ठिपके पाहून, मूळच्या किती थोड्या पेशींपासून तो थर कसा वाढला, याचा माग त्यांनी काढला. एखाद्या कुळाची वंशावळ लिहावी त्याप्रमाणे पेशींची ही वंशावळ होय. हा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १९८९ साली प्रसिद्ध झाला.

प्रयोगशाळेबाहेरही त्यांचे जीवन रिकामे नव्हते. व्हिएतनाममधील युद्धास त्यांनी उघड विरोध केला. अरण्यांवर फवारल्या जाणाऱ्या विषारी तणनाशकांपासून मनुष्याच्या आनुवंशिक द्रव्यास धोका आहे, असे त्यांनी लोकांस निक्षून सांगितले. ज्ञान मिळवावयाचे व शेजाऱ्याच्या दुःखाविषयी मौन धरावयाचे, हे त्यांस मान्य नव्हते.

११ ऑगस्ट १९८४ रोजी, पाण्याखाली बुडी घेण्याच्या छंदात असता, त्यांस अकस्मात मृत्यू आला. वय छप्पन्न वर्षांचे होते. पेरलेले उगवू लागले, तोच पेरणारा निघून गेला. परंतु चार्ल्स किमेल, मॉन्टी वेस्टरफील्ड प्रभृती यूजीन येथील सहकाऱ्यांनी ते शेत ओसाड पडू दिले नाही. जर्मनीत ट्युबिंगेन येथे क्रिस्टियान न्युसलाइन-फोल्हार्ट या विदुषीने व अमेरिकेत बोस्टन येथील शास्त्रज्ञांनी या माशाचे सहस्रावधी बदललेले वंश गोळा केले, आणि १९९६ साली त्यांचे वर्णन एकत्र प्रसिद्ध झाले. काळ्या, पिवळ्या व रुपेरी अशा तीन प्रकारच्या रंगपेशी मिळून माशाचे पट्टे घडवितात, आणि त्या एकमेकींस जागा दाखवितात, हे त्यांवरून हळूहळू उमगले. २०१३ साली माशाची सारी जनुकलिपी प्रसिद्ध झाली, तेव्हा मनुष्याच्या शंभरांपैकी सुमारे सत्तर जनुकांचे भाऊबंद या माशात सापडले. ज्या जर्मनीतील राजवटीमुळे मुलास पळावे लागले, त्याच देशात त्याच्या माशाचे काम इतक्या आदराने व्हावे, हा ईश्वरी न्यायच आम्ही समजतो. आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत व पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही याच माशावर संशोधन चालते. भाताच्या खाचरातला मासा असा जग फिरून घरी आला.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. तो सोनेरी मासा फिका का, हे स्ट्रायसिंगर यांच्या हयातीत कळले नव्हते. २००५ साली पेन्सिल्व्हेनिया येथील कीथ चेंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जनुक शोधून काढले. त्यात बिघाड झाला म्हणजे रंगपेशीतील काळ्या द्रव्याचे कण लहान, थोडे व फिके होतात. नंतर त्यांनी मनुष्यातील तेच जनुक सोनेरी माशाच्या गर्भात घातले, आणि काय आश्चर्य! फिक्या गर्भात काळा रंग भरू लागला. मनुष्याचे जनुक माशाने आपले म्हणून ओळखले. पुढे असेही दिसले की, युरोपातील जवळजवळ सर्व लोकांत या जनुकातील एक अक्षर बदललेले आहे, आणि त्यांच्या गोरेपणाचा बराच भाग त्या एका अक्षरात आहे. मनुष्याच्या जनुकलिपीत सुमारे तीनशे कोटी अक्षरे आहेत. त्यांतील हे एक.

आणि ते अक्षर केवळ युरोपीयांचे नाही. हैदराबाद येथील सेंटर फॉर सेल्युलर अँड मोलेक्युलर बायोलॉजी या संस्थेतील व परदेशांतील शास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून असे दिसते की, तोच बदल भारतातही दूरवर पसरला आहे, आणि युरोपीय व भारतीय या दोहोंस तो एकाच पूर्वजाकडून मिळाला आहे. त्वचेचा रंग या एकाच जनुकाने ठरतो असे मात्र नव्हे. पुष्कळ जनुके त्यात भाग घेतात, ऊनही घेते. काळे द्रव्य तर प्रखर उन्हापासून शरीराचे रक्षण करणारी ईश्वराची देणगी आहे. परंतु ज्या भेदावर साम्राज्ये उभारली गेली, गुलामांचे बाजार भरले, तो भेद खोदून पाहता किती उथळ निघाला!

आम्हां नाशिककरांस ही शिकवण परकी वाटू नये. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांतून सोडविलेली आफ्रिकेची मुले आमच्या शरणपुरात चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रयास राहिली, शिकली व हातात विद्या आणि धंदा घेऊन बाहेर पडली. त्यांपैकी जेकब वेनराइट हा आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मंडळीत सामील झाला. लिव्हिंग्स्टन यांचे शव समुद्रकाठी पोहोचविणाऱ्यांत तो होता. आणि १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्या शवपेटीस खांदा देणाऱ्यांतही तो होता. ज्यास बाजारात विकावयाचे ठरले होते, तो नाशिकचा विद्यार्थी तेथे मानाने उभा राहिला. त्याच्या त्वचेचा रंग तोच होता. बदलली होती ती पाहणाऱ्यांची दृष्टी.

तेव्हा मातापितरांस आमची नम्र विनंती आहे. घरात मूल जन्मताच रंग कसा आहे असे विचारणे, सावळ्या मुलीच्या देखत तिच्या लग्नाची काळजी बोलून दाखविणे, वरवधूंच्या जाहिरातीत गोरेपणाची अट घालणे, गोरेपणाच्या मलमांवर पैसे उधळणे, या गोष्टी आपण सहज करतो. ज्या मुलीने हे ऐकले ती पुढे वर्गात हात वर करीत नाही, हे आम्ही शिक्षक नित्य पाहतो. आणि विद्यार्थ्यांनो, मैदानावर सोबत्यास त्याच्या रंगावरून हाक मारण्यापूर्वी त्या तीनशे कोटींतील एका अक्षराची आठवण करा. ज्या विषाने बुडापेस्टच्या एका मुलास देशोधडीस लावले, त्याचाच थेंब त्या हाकेत असतो.

पुढच्या वेळी त्या दुकानाच्या काचेसमोर उभे राहाल, तेव्हा पट्टेदार माशांत एखादा फिका, सोनेरी मासा दिसतो का ते पाहा. दिसला तर तोही इतरांबरोबर त्याच पाण्यात, त्याच थव्यात पोहत असेल. त्याचे सोबती त्यास वेगळा काढीत नाहीत. ज्या परमेश्वराने एकाच मुळापासून सर्व मनुष्यजात निर्माण केली, त्याच्या लेकरांनी तरी माशांहून मागे राहू नये.